जुन्या संगणकात न जुळणाऱ्या रॅम: बिघाड शोधण्याचा क्रम

जुना डेस्कटॉप रेंगाळू लागला की त्यात आणखी एक रॅम घालावी, हा सल्ला सहज दिला जातो आणि तो चुकीचाही नसतो. अडचण पुढे येते. आधीची स्टिक यंत्राबरोबर आलेली असते, नवी स्टिक एखाद्या मोडीत निघालेल्या संगणकातून काढलेली किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटी आणलेली असते, आणि दोन्हींवर ‘४ जीबी, डीडीआर३’ असे सारखेच लिहिलेले असले तरी बाकीचे काहीच जुळत नसते. मग यंत्र कधी सुरूच होत नाही, कधी अर्धीच रॅम दाखवते, तर कधी आठवडाभर निमूट चालून ऐन कामाच्या वेळी निळा पडदा दाखवते.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या यंत्रांत हा बिघाड इतक्या वेळा येतो, की तो शोधण्याचा एक क्रम आपोआप ठरून गेला आहे. तो क्रम येथे देत आहे. यात मुख्यतः डीडीआर३ या पिढीच्या रॅमचे डेस्कटॉप गृहीत धरले आहेत, म्हणजे इंटेलच्या जी४१ या चिपसेटपासून (मदरबोर्डवरील मुख्य नियंत्रक चिप) एच६१ आणि त्यानंतरच्या एकदोन पिढ्यांपर्यंतचे. घरांत, शाळांच्या संगणक कक्षांत आणि हिशेबाच्या टेबलांवर अजूनही चालू असलेली जुनी यंत्रे बहुतांशी याच काळातील आहेत.

दोन गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॅम एकत्र चालत नाहीत, हा समज खरा नाही. कंपनीचे नाव जवळजवळ कधीच कारण नसते. कारण असते ते चिपची घनता (एका चिपमध्ये किती बिट मावतात), रँक (चिपचे स्वतंत्र गट), व्होल्टेज आणि टायमिंग (रॅम किती ठोक्यांत उत्तर देते) यांत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दोन्ही स्टिक एकेकट्या निर्दोष असूनही जोडीने सदोष वागू शकतात, त्यामुळे ‘एकेक लावून पाहिली, दोन्ही चांगल्या आहेत’ एवढ्यावर तपास संपत नाही. जी जोडी पुढे वापरायची आहे, तीच जोडी तपासावी लागते.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर लांब बीप पुन्हा पुन्हा ऐकू येते किंवा तीन बीप वाजतात. नेमका अर्थ बायॉसच्या (यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डावरील प्रोग्रामच्या) कंपनीनुसार बदलतो, परंतु रॅम घातल्यानंतरच बीप सुरू झाली असेल तर अर्थ शोधत बसण्याची गरज नाही. काही यंत्रे दोनतीन सेकंद चालून बंद होतात, पुन्हा आपोआप सुरू होतात आणि हे चक्र थांबत नाही. बायॉस रॅमसाठी टायमिंग बसवण्याचा प्रयत्न करत आहे आणि त्याला ते जमत नाही, असा याचा अर्थ बहुधा असतो.

दुसरा प्रकार अर्ध्या क्षमतेचा. चार जीबीची स्टिक दोन जीबी दाखवते किंवा दोनांपैकी एक स्टिक मुळीच दिसत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. यंत्र व्यवस्थित सुरू होते, पूर्ण रॅम दाखवते, पण मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येतो, विंडोज इन्स्टॉल करताना मध्येच फाइल वाचता येत नाही असे दिसते, ब्राउझरची पाने कोसळतात आणि निळ्या पडद्यावर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट’, तर कधी तिसरेच काही येते. संदेश दर वेळी वेगळा असणे हीच येथे खूण आहे. ड्रायव्हरचा बिघाड सहसा एकाच नावाने परत येतो. रॅमचा बिघाड जागा बदलत राहतो. अशा वेळी विंडोज ‘फॉरमॅट मारून’ पाहण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये, कारण सदोष रॅमवर केलेले नवे इन्स्टॉलेशनही सदोषच होण्याची शक्यता असते.

सकाळी पहिल्यांदा चालू न होता दुसऱ्या प्रयत्नाला चालू होणे, किंवा उलट, दुपारी खोली तापल्यावरच हँग होणे, ही लक्षणेही याच कुळातील आहेत. रॅममधील प्रत्येक पेशीतील विद्युतभार झिरपत असतो, म्हणून तो नियमाने दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि तापमान वाढले की झिरपणे वाढते. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास हा अवधी निम्म्यावर आणावा लागतो. काठावर चालणारी जोडी विदर्भातील मे महिन्यात रुसते आणि डिसेंबरात सुरळीत चालते, यात म्हणूनच नवल नाही.

तपासणीच्या आधी

महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी, आणि ती घेताना नवी स्टिक काढून ठेवावी. सदोष रॅममधून गेलेली माहिती डिस्कवर चुकीची लिहिली जाते आणि त्याबद्दल कोणतीही सूचना मिळत नाही. टॅलीचा डेटा किंवा लग्नाचे फोटो असलेल्या यंत्रावर हा धोका पत्करू नये. बॅकअप जुन्या, नेहमीच्या रॅमवर घ्यावा आणि मगच प्रयोग सुरू करावेत.

कॅबिनेट न उघडता होणारी तपासणी

पहिली तपासणी फुकट आहे. यंत्र चालू करताना बायॉसमध्ये जाऊन एकूण रॅम किती दिसते ते पाहावे आणि नंतर विंडोजमध्ये किती दिसते ते पाहावे. बायॉसमध्ये आठ जीबी आणि विंडोजमध्ये सव्वातीन किंवा साडेतीन जीबी दिसत असेल, तर रॅमला हात लावण्याचे कारणच नाही, कारण ते विंडोज ३२ बिटचे आहे. ३२ बिटच्या घरगुती विंडोजला चार जीबीपलीकडचे पत्ते वापरता येत नाहीत आणि त्या चारमधलाही काही भाग ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखीव जातो. विंडोज ७ ची होम बेसिक आवृत्ती तर ६४ बिटची असली तरी आठ जीबीपर्यंतच रॅम वापरते. नवी रॅम वाया गेली असे समजून दुकानदाराशी वाद घालण्याआधी हे पाहिलेले चांगले.

विंडोज ६४ बिटचे असूनही रॅम कमी दिसत असेल, तर सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूट या भागातील प्रगत पर्याय उघडावेत. तेथे ‘मॅक्झिमम मेमरी’ या चौकटीत कोणी खूण केलेली असल्यास ती काढावी. ‘संगणक वेगवान करण्याच्या युक्त्या’ वाचून अनेकांनी कधीतरी ती खूण केलेली असते. ती युक्ती वेग वाढवत नाही, रॅमवर मर्यादा तेवढी घालते.

बायॉसमध्येच रॅम कमी दिसत असेल, किंवा यंत्र सुरूच होत नसेल, तर मात्र कॅबिनेट उघडावे लागेल.

लेबल नीट वाचणे

या तपासणीलाही खर्च नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक बिघाड येथेच उलगडतात. स्टिकवरील लेबलवर ‘२आर×८ पीसी३-१०६००यू’ अशा धर्तीचा मजकूर इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो. त्यातील प्रत्येक तुकडा काही सांगतो.

‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३, आणि ‘पीसी३एल’ म्हणजे कमी व्होल्टेजची डीडीआर३एल. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते आणि १.५ व्होल्टही सोसते. डेस्कटॉपमध्ये सर्व स्लॉटना एकच व्होल्टेज मिळते. ते सहसा १.५ असल्याने दोन्ही प्रकार एकत्र चालून जातात. लॅपटॉपमध्ये हे गृहीत धरू नये. इंटेलच्या चौथ्या पिढीतील कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचे अनेक लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्ट पुरवतात, आणि त्यांत साधी १.५ व्होल्टची स्टिक घातली तर डिस्प्ले येत नाही. स्टिक निर्दोष असते, ती त्या यंत्रासाठी नसते एवढेच.

त्यापुढचा आकडा वेगाचा. १०६०० म्हणजे १३३३ चा वेग, १२८०० म्हणजे १६००, आणि ८५०० म्हणजे १०६६. वेग वेगळे असणे हा दोष नाही. दोन्ही स्टिक कमी वेगाच्या स्टिकच्या चालीने चालतात. १६०० ची रॅम घेऊन ती १३३३ वर चालत असल्याची तक्रार मी अनेकदा ऐकतो, पण तो बिघाड नसून ठरलेले वर्तन आहे, आणि रोजच्या कामात तो फरक जाणवतही नाही.

आकड्यानंतरचे अक्षर मात्र निर्णायक आहे. ‘यू’ म्हणजे डेस्कटॉपची साधी रॅम, ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड स्टिक, ‘ई’ म्हणजे ईसीसी, चूक ओळखून सुधारणारी रॅम, आणि ‘आर’ म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. रजिस्टर्ड डीडीआर३ लाही २४० पिनाच असतात आणि तिची खाचही साध्या रॅमच्या जागीच असते, त्यामुळे ती स्लॉटमध्ये अगदी व्यवस्थित बसते आणि यंत्र मुळीच सुरू होत नाही. मोडीत निघालेल्या सर्व्हरमधील अशा स्टिक जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. ‘आर’ दिसले की ती स्टिक परत करावी, पुढचा तपास करण्यात वेळ घालवू नये. लेबल फाटलेले असेल तर चिप मोजाव्यात: एका बाजूला आठऐवजी नऊ सारख्या चिप दिसल्या तर ती ईसीसी जातीची आहे, आणि मध्यभागी आणखी एक वेगळी चिप आडवी बसलेली असेल तर बहुधा रजिस्टर्ड.

आता ‘२आर×८’. पहिला आकडा रँकचा, म्हणजे स्टिकवर चिपचे स्वतंत्र गट किती आहेत त्याचा, आणि दुसरा एक चिप एका वेळी किती बिट देते त्याचा. रॅमचा मार्ग ६४ बिटांचा असतो, म्हणून आठ बिटांच्या आठ चिप मिळून एक रँक होते. चार जीबीची स्टिक दोन प्रकारे बनते: दोन गिगाबिटच्या सोळा चिप लावून, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ आठ, किंवा चार गिगाबिटच्या आठ चिप लावून, बहुधा एकाच बाजूला. क्षमता तीच, घनता वेगळी.

जी४१ च्या बोर्डांवर नेमके हेच अडते. त्या चिपसेटचा मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, दोन गिगाबिटपर्यंतच्या चिप ओळखतो. चार गिगाबिटच्या चिपमध्ये ओळींची संख्या दुप्पट असते आणि त्या निवडण्यासाठी पत्त्याचा एक बिट जास्त लागतो, जो या कंट्रोलरला ठाऊक नाही. परिणामी निम्म्या ओळी त्याला दिसतच नाहीत आणि स्टिक निम्मी दिसते, किंवा यंत्र सुरूच होत नाही. म्हणून जी४१ च्या बोर्डासाठी चार जीबीची स्टिक घेताना ती सोळा चिपांची आहे ना, हे डोळ्यांनी पाहूनच घ्यावी. लेबलवर विश्वास ठेवू नये, चिप मोजाव्यात. नंतर आलेल्या उत्पादनांत आठ चिपांची रचनाच जास्त असल्यामुळे, कोरी करकरीत स्टिक नाकारणारे यंत्र जुनी, मळलेली स्टिक मात्र आनंदाने स्वीकारते असा विचित्र अनुभव येतो, आणि ग्राहकाला तो पटवून देणे हे दुरुस्तीपेक्षा अवघड काम असते.

२०११ पासूनच्या एच६१ आणि त्याच्या भावंडांमध्ये कंट्रोलर प्रोसेसरमध्येच आहे आणि तो चार गिगाबिटच्या चिप ओळखतो, त्यामुळे तेथे आठ चिपांची चार जीबी आणि सोळा चिपांची आठ जीबी अशा दोन्ही चालतात. पण दुसरा सापळा दोन्ही पिढ्यांत आहे: ‘×४’ रचनेच्या स्टिक. चार बिटांच्या सोळा चिप लावून केलेल्या या साध्या स्टिक ‘फक्त एएमडीसाठी’ असे सांगून बऱ्याच कमी किमतीत विकल्या जातात. एएमडीच्या त्या काळच्या बोर्डांवर त्या चालतात, इंटेलच्या घरगुती बोर्डांवर चालत नाहीत. किंमत इतरांच्या मानाने फारच कमी वाटली तर हे आधी विचारावे.

काढणे, पुसणे, पुन्हा बसवणे

लेबलांत काही खटकले नाही, तर पुढची पायरी हाताने करायची आहे. भिंतीवरील बटण बंद करावे, केबल काढावी आणि मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) साठलेला भार उतरतो. नुसते शटडाउन पुरेसे नाही, कारण केबल जोडलेली असताना यंत्र बंद असूनही बोर्डावर पाच व्होल्टचा पुरवठा चालू राहतो. बोर्डावरचा छोटा दिवा विझल्याशिवाय रॅम काढू नये. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, विशेषतः कोरड्या थंडीत, कारण अंगावरील स्थिर विद्युतभार आपल्याला जाणवण्याच्या कितीतरी आधी चिपला मारू शकतो.

यंत्र चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर घराचे अर्थिंग नाही किंवा सॉकेटची तिसरी तार सुटलेली आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर येणारा थोडासा प्रवाह अर्थिंगवाटे निघून जायला हवा. हे रॅमच्या बिघाडाचे कारण असेलच असे नाही, पण आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ते दुरुस्त करून घ्यावे.

स्टिक काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पाहाव्यात. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत दमट, खारट हवेने त्यांवर काळपट थर चढतो, आणि वर्षानुवर्षे न हललेली जुनी स्टिक केवळ शेजारी नवी बसवताना लागलेल्या धक्क्याने संपर्क सोडते. म्हणजे दोष नव्या रॅमवर येतो आणि सुटलेली असते जुनी. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आहे आणि तिने काम होतेही, परंतु सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो आणि प्रत्येक घासण्यात तो थोडा जातो. घासायचेच असेल तर मऊ पांढऱ्या रबराने, हलक्या हाताने, एकदाच, आणि चुरा ब्रशने पूर्ण झटकून. तो चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवाच बिघाड सुरू होतो. स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने किंवा हवेच्या झोताने साफ करावा. त्यात तेल, पेट्रोल किंवा गंज काढणारा फवारा घालू नये.

बसवताना खाच जुळते आहे ना ते पाहावे. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण खाचेची जागा वेगळी असते. जोर लावून बसवावी लागत असेल तर ती त्या स्लॉटची नाहीच. खाच जुळल्यावर मात्र दोन्ही टोकांवर सरळ, सारखा दाब द्यावा, लॅच आपोआप मिटल्याचा आवाज यायला हवा. एक टोक अर्धा मिलिमीटर वर राहिले तरी वरून सर्व ठीक दिसते आणि यंत्र मात्र सुरू होत नाही.

एकेक स्टिक, एकेक स्लॉट, मग जोडी

आता कोण दोषी आहे ते वेगळे करायचे. जुनी स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये एकटी लावून पाहावी, मग त्याच स्लॉटमध्ये नवी एकटी, आणि नंतर चालणारी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक निष्कर्ष कागदावर लिहायचा, कारण चारपाच अदलाबदलींनंतर कोणती स्टिक कोठे होती हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. काही बोर्डांना एकटी स्टिक ठरावीक स्लॉटमध्येच लागते, म्हणून मॅन्युअल पाहावे. बोर्डाचा क्रमांक स्लॉटांच्या आसपास छापलेला असतो आणि त्यावरून मॅन्युअल मिळते.

नवी स्टिक कोणत्याच स्लॉटमध्ये चालत नसेल तर ती सदोष आहे किंवा घनतेच्या कारणाने विसंगत आहे. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात ती चालली तर विसंगत, तेथेही नाही चालली तर सदोष. चांगली स्टिक एका विशिष्ट स्लॉटमध्येच चालत नसेल तर प्रश्न रॅमचा नाही, स्लॉटचा किंवा त्यामागच्या कंट्रोलरचा आहे, आणि त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

दोन्ही एकेकट्या चालतात आणि जोडीने चालत नाहीत, असे असेल तर प्रथम त्यांची जागा आपसांत बदलावी. प्रत्येक स्टिकवर एक छोटी स्मृतिचिप असते, तिला एसपीडी म्हणतात, आणि तीत त्या स्टिकचे वेग व टायमिंग नोंदलेले असतात. बायॉसने सर्व स्टिकच्या नोंदी वाचून सर्वांना झेपेल असे सर्वांत सैल टायमिंग निवडणे अपेक्षित आहे. जुन्या बायॉसमध्ये हे दर वेळी नीट होत नाही आणि पहिल्या स्लॉटला झुकते माप मिळाल्यासारखे दिसते, म्हणून संथ स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये ठेवल्याने जोडी जमते, असा माझा वारंवारचा अनुभव आहे.

चार स्लॉटांच्या बोर्डावर चार स्टिक मिसळायच्या असतील तर सारख्या स्टिकची जोडी वेगवेगळ्या चॅनेलमध्ये (कंट्रोलरकडे जाणाऱ्या स्वतंत्र मार्गांत) जायला हवी, म्हणजे प्रत्येक चॅनेलमध्ये एक मोठी आणि एक लहान. स्लॉटचे सारखे रंग सहसा हेच सुचवतात, पण सर्वच बोर्डांवर नाही. विषम क्षमतेच्या दोन स्टिकही चालतात: चार आणि दोन जीबी असतील तर इंटेलचे बोर्ड दोन अधिक दोन जीबी जोडीने आणि उरलेली दोन जीबी एकेरी वापरते. यात फक्त थोडा वेग जातो, आणि तोही मुख्यतः बोर्डावरच्या ग्राफिक्सला जाणवतो.

बायॉसमधील बदल

जागा बदलूनही जमले नाही, तर बायॉसची जुनी नोंद पुसावी. केबल काढलेल्या अवस्थेत बोर्डावरचा क्लिअर सीमॉसचा जंपर मॅन्युअलप्रमाणे फिरवावा, किंवा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल काढून काही मिनिटे थांबावे. आधीच्या रॅमसाठी साठवलेले टायमिंग नव्या जोडीवर लादले जात असेल तर एवढ्यानेच काम होते. सेल जुना असेल तर त्याच वेळी नवा घालावा. खर्च किरकोळ आहे.

त्यानंतर एक स्टिक लावून यंत्र चालू करावे आणि बायॉसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर ते बंद करावे. एक्सएमपी म्हणजे स्टिकच्या निर्मात्याने ठरवलेली नियमापेक्षा वेगवान चाल, आणि त्यासाठी काही डीडीआर३ स्टिकना १.६५ व्होल्ट लागतात. शेजारची साधी स्टिक त्या चालीला बांधील नाही. मग वेग हाताने एक पायरी खाली आणावा: १६०० असेल तर १३३३, १३३३ असेल तर १०६६. जेथे कमांड रेट बदलता येतो तेथे तो १टी ऐवजी २टी करावा. त्यामुळे आज्ञेच्या तारांवरील संकेत स्थिरावायला एक ठोका जास्त मिळतो, आणि चिपांची संख्या जास्त असलेल्या जोडीला तो लागतो. यानंतर यंत्र बंद करून दुसरी स्टिक घालावी. व्होल्टेज वाढवून पाहण्याचा सल्ला मी देत नाही. जेथे कंट्रोलर प्रोसेसरमध्ये आहे, तेथे वाढीव व्होल्टेजचा भार प्रोसेसरवरही पडतो.

कंपन्यांच्या तयार घरगुती डेस्कटॉपमध्ये यांतील बहुतेक पर्याय दिलेलेच नसतात. तेथे बायॉसची नवी आवृत्ती हा शेवटचा मार्ग उरतो, कारण निर्माते नव्या स्टिकशी जुळवून घेणारे बदल तिच्यात करतात. ती एकाच, खात्रीच्या स्टिकवर चढवावी, आणि यूपीएस असल्याशिवाय चढवू नये. मध्येच वीज गेली तर बोर्ड मुके होते.

रात्रभराची चाचणी

यंत्र सुरू झाले, पूर्ण रॅम दिसली, म्हणजे काम झाले असे नाही. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ घालून त्यावरून यंत्र सुरू करावे आणि चाचणी रात्रभर चालू द्यावी. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही (बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत) चालते आणि फुकट आहे. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नोस्टिक प्राथमिक चाळणी म्हणून ठीक आहे, पण जोडीतील सूक्ष्म दोष तिच्यातून निसटतात.

एकही चूक मान्य करू नये. चूक दर फेरीत त्याच पत्त्यावर येत असेल तर एका स्टिकमधील पेशी खराब आहे, आणि ती स्टिक एकटी लावून चाचणी केली की दिसेल. चुका विखुरलेल्या पत्त्यांवर आणि फक्त दोन्ही स्टिक असतानाच येत असतील तर टायमिंग आणखी सैल करावे, वेग आणखी एक पायरी कमी करून चाचणी पुन्हा करावी. १०६६ वरही चुका आल्या तर ती जोडी सोडून द्यावी. दोन निर्दोष स्टिक एकमेकींशी न जमणे हे घडते आणि त्यावर आणखी उपाय नाही. अशा वेळी एकच मोठी स्टिक वापरणे किंवा एकाच पाकिटातून आलेली जोडी घेणे हा स्वच्छ मार्ग आहे. सुटी घेत असाल तर जुनी स्टिक बरोबर न्यावी, चिपांची संख्या आणि रँक जुळवून घ्यावी, आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी, कारण रात्रभराची चाचणी दुकानात होत नाही.

येथे थांबावे

खात्रीच्या, दुसऱ्या यंत्रात तपासलेल्या स्टिकही एखाद्या स्लॉटमध्ये चालत नसतील, तर घरगुती तपास येथे संपतो. एलजीए सॉकेटच्या बोर्डांत प्रोसेसरखालच्या पिना केसासारख्या बारीक असतात. २००८ च्या अखेरीपासूनच्या इंटेलच्या कोअर आय मालिकेत मेमरीचा मार्ग त्यांतूनच जातो, त्यामुळे एक वाकलेली पिन अख्खा चॅनेल बंद पाडू शकते. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला तरी असेच होते. कूलरचे चार स्क्रू सारखे आहेत का, एवढे पाहायला हरकत नाही, पण पिना सरळ करण्याचे काम भिंग आणि सवय असलेल्या माणसाचे आहे. जी४१ मध्ये कंट्रोलर चिपसेटमध्ये असतो; त्याचा दोष बोर्ड बदलूनच जातो.

बोर्डावरील कपॅसिटरची माथी फुगलेली किंवा तपकिरी द्रव सुटलेला दिसला, जळका वास आला, किंवा रॅम कोणतीही असली तरी यंत्र मध्येच बंद पडू लागले, तर पुन्हा चालू करून पाहू नये. दोष वीजपुरवठ्यात असू शकतो, आणि सदोष पुरवठा चांगल्या स्टिकही नासवतो. एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नये, त्यातील कपॅसिटरांत केबल काढल्यानंतरही घातक व्होल्टेज राहते. ज्या डिस्कवर बॅकअप न घेतलेली माहिती आहे आणि यंत्र जुन्या रॅमवरही स्थिर नाही, ती डिस्क आधी काढून दुसऱ्या यंत्रावर वाचून घ्यावी किंवा तंत्रज्ञाकडून वाचवून घ्यावी, मग बाकीचे.

तंत्रज्ञाकडे जाताना दोन्ही स्टिक, त्यांच्या लेबलांचे स्पष्ट फोटो, बोर्डाचा क्रमांक आणि कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये चालली याचा तो लिहिलेला कागद बरोबर द्यावा. दुरुस्तीच्या मजुरीत बोर्ड बदलण्याचा प्रस्ताव आला, तर त्याच बोर्डाच्या वापरलेल्या प्रतीची किंमत आणि पूर्ण वापरलेल्या संगणकाची किंमत दोन्ही विचाराव्यात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, जी४१ च्या यंत्रावर मोठा खर्च करण्याआधी ते पुढे लिनक्सवर चालवणार आहात की नाही, हे ठरवून मगच होकार द्यावा.